पैसा लंडनचा, सही बेलफास्टची, मग जाब कोणाला विचारायचा

वेगळ्या विदर्भाची गोष्ट निघाली की आमच्याकडे कोणत्याही घरात, कोणत्याही पानठेल्यावर एक वाक्य ऐकायला मिळतंच, की एकदा आपली सत्ता आपल्या हातात आली ना, की सगळं बरोबर होईल. मी पण हे ऐकतच मोठा झालोय आणि त्यामागचा राग मला पूर्ण पटतो. पण इतक्यात मी उत्तर आयर्लंडबद्दल हाती लागेल ते वाचून राहिलोय, आणि जेवढं वाचतो तेवढं वाटायला लागलंय की सत्ता हातात येणं ही अर्धीच गोष्ट आहे. पैसा कुठून येतो आणि त्याचा हिशोब कोण मागतो ही उरलेली अर्धी, आणि ती नीट बसवली नाही तर आपलीच माणसं खुर्चीत बसूनही लोकांचे हाल संपत नाहीत. पोस्ट लांब होणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी थोडं बॅकग्राउंड. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचाच भाग, पण आयर्लंडच्या बेटावर. २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास निघाली. आपलं नागपूर शहर एकटंच २०११ मध्ये २४ लाखांचं होतं, म्हणजे तो अख्खा प्रदेश आपल्या एका शहराहून लहान. एवढ्याशा जागेत १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तीस वर्षं बॉम्ब, गोळीबार, बदले चालले आणि साडेतीन हजारांवर माणसं मेली. एका बाजूला ब्रिटनमध्येच राहायचं म्हणणारे युनियनिस्ट, बहुतेक प्रोटेस्टंट, दुसरीकडे एकसंध आयर्लंड हवा म्हणणारे नॅशनॅलिस्ट, बहुतेक कॅथलिक. १० एप्रिल १९९८ ला करार झाला, गुड फ्रायडेच्या दिवशी, म्हणून त्याला त्याच नावानं ओळखतात, आणि मग मे महिन्यात जनमत घेतलं तेव्हा उत्तरेत ७१ टक्के लोकांनी हो म्हटलं. ज्यांच्या घरातली माणसं गेली होती त्यातल्याही कित्येकांनी हो म्हटलं असेल, हा विचार आला की मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

करारात सत्ता वाटून घ्यायची ठरली. विधानसभा राजधानी बेलफास्टमध्ये स्टॉरमाँटला, आता ९० आमदार. वर दोन पदं, फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा, नावात डेप्युटी असलं तरी दोघांचे अधिकार अगदी सारखे, आणि एकानं राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद आपोआप जातं. बाकी मंत्रिपदं पक्षांना त्यांच्या ताकदीप्रमाणे एका ठरलेल्या गणितानं मिळतात, म्हणजे निवडणुकीत जे एकमेकांवर तुटून पडतात तेच दुसऱ्या दिवशी एकाच मंत्रिमंडळात बसतात. रक्तपात थांबवायला हे लागणारच होतं, कारण एका बाजूला पूर्ण बाहेर ठेवलं असतं तर ती परत बंदुकीकडेच गेली असती. पण याची किंमत अशी की बरीच वर्षं तिथं अधिकृत विरोधी पक्ष नावाची गोष्टच नव्हती, सगळे मोठे पक्ष सरकारात. विरोधी पक्षाची कायदेशीर सोय झाली ती थेट २०१६ मध्ये.

आणि त्या दोन पदांच्या जोडीमुळे सरकार किती वेळा बंद पडलं बघा. २००२ च्या ऑक्टोबरपासून २००७ च्या मेपर्यंत बंद, २०१७ च्या जानेवारीपासून २०२० च्या जानेवारीपर्यंत बंद, मग २०२२ च्या फेब्रुवारीपासून २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत परत बंद. सगळं धरलं तर दहाएक वर्षं तिथं लोकांनी निवडून दिलेलं सरकारच नव्हतं! मग गाडा ओढायचा कोणी तर २००७ पर्यंत लंडनच्या मंत्र्यांनी आणि २०१७ नंतर सचिवांनी. २०१७ मध्ये एका खात्याच्या सचिवानं कचरा जाळायच्या मोठ्या प्लांटला मंजुरी दिली, लोक कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये आधी हायकोर्टानं आणि मग अपील कोर्टानंही सांगितलं की मंत्री नसताना असा निर्णय घ्यायचा अधिकार सचिवाला नाही. म्हणजे मंत्री नाही म्हणून निर्णय नाही, आणि निर्णय नाही म्हणून जबाबदारही कोणी नाही. दवाखान्यांच्या वेटिंग लिस्ट अख्ख्या ब्रिटनमध्ये तिथं सगळ्यात वाईट. आरोग्य व्यवस्था कशी बदलायची याचा बेंगोआ समितीचा रिपोर्ट २०१६ मध्येच आलेला, पण थोड्याच महिन्यांत सरकार पडलं आणि नंतरची तीन वर्षं त्यावर मोठे निर्णय घ्यायला मंत्रीच नव्हता.

२०१७ चं सरकार ज्यावरून पडलं ते प्रकरण जरा नीट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये एक योजना सुरू झाली, तेल-गॅसऐवजी लाकडाच्या गोळ्या जाळणारे बॉयलर बसवा, सरकार वीस वर्षं सबसिडी देईल. उद्देश चांगला, पर्यावरणाचा. लंडनच्या सरकारची अशीच योजना आधी होती, तिच्यात एक अट होती की वर्षाला ठराविक तास बॉयलर चालवला की पुढच्या तासांचा दर एकदम खाली येईल. बेलफास्टच्या योजनेत ही अट घेतलीच नाही. वरून सबसिडीचा दर इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त. तिथल्या बातम्यांत जे गणित यायचं ते असं की एक पौंडाचं लाकूड जाळलं तर सरकारकडून एक पौंड साठ पेन्स परत. म्हणजे जेवढं जाळाल तेवढी कमाई! रिकामं शेड गरम करून राहिलेत अशा तक्रारी यायला लागल्या. एका बाईनं तर २०१३ मध्येच खात्याला लिहून कळवलं होतं की यात घोळ आहे, तिचं कोणी मनावर घेतलं नाही. मग दर कमी होणार हे बाहेर समजलं तसे २०१५ च्या शरद ऋतूत जवळपास हजार अर्ज एकदम येऊन पडले. २०१६ च्या फेब्रुवारीत योजना बंद केली तोवर वीस वर्षांत ४९ कोटी पौंडांपर्यंत जादा खर्च होईल असा अंदाज निघाला होता.

योजना आली तेव्हा खात्याच्या मंत्री आर्लीन फॉस्टर होत्या आणि प्रकरण उघडं पडलं तेव्हा त्याच फर्स्ट मिनिस्टर. चौकशी होईपर्यंत बाजूला व्हा म्हटलं तर त्या हटल्या नाहीत, म्हणून ९ जानेवारी २०१७ ला डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि नियमाप्रमाणे दोन्ही पदं गेली. चौकशी बसली, न्यायमूर्ती पॅट्रिक कॉगलिन यांचा तीन खंडांचा रिपोर्ट २०२० च्या मार्चमध्ये आला. त्यात भ्रष्टाचारापेक्षा चुकांवर चुका, न वाचलेले कागद, न विचारलेले प्रश्न असंच चित्र निघालं. मंत्र्यांनी कायद्याचा मसुदा वाचला नाही, अधिकारी बदलत गेले आणि नवीन माणसाला जुनी माहिती मिळालीच नाही. आणि यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट कोणती सांगू? हा पैसा आपल्या खिशातून जात नाही, लंडन भरतंय, असा समज बराच काळ होता. खरं म्हणजे लंडननं आधीच कळवलं होतं की ठरलेल्या रकमेच्या वर गेलात तर तुमच्या बजेटमधून कापू, पण ते कोणाच्या डोक्यात शिरलंच नाही. पैसा दुसऱ्याचा आहे असं एकदा वाटायला लागलं की साधी बेरीज तपासायलाही कोणी बसत नाही.

पैसा येतो कसा तेही बघून घ्या. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लंडनहून जो एकगठ्ठा निधी मिळतो त्यातली वाढ एका सूत्रानं ठरते, बार्नेट फॉर्म्युला. १९७० च्या दशकाच्या शेवटी जोएल बार्नेट नावाच्या मंत्र्यानं काढलेला, तात्पुरता म्हणून काढला आणि अजून चालू. इंग्लंडमध्ये एखाद्या गोष्टीवर खर्च वाढला की लोकसंख्येच्या हिशोबानं यांना वाटा. गरज किती हे त्या सूत्रात नव्हतं. नंतर हिशोब करणाऱ्यांनी सांगितलं की इंग्लंडमध्ये माणशी १०० पौंड लागत असतील तर उत्तर आयर्लंडला १२४ लागतात, आणि २०२४ मध्ये सरकार परत सुरू झालं तेव्हा लंडननं ३३० कोटी पौंडांचं पॅकेज दिलं त्यात हा २४ टक्क्यांचा वाढावा धरला. पण अट घातली की तुम्ही स्वतः ११.३ कोटी पौंड उभे करा, तर आधीच्या जादा खर्चाचे साडेपंचावन्न कोटींच्या वरचे पौंड माफ करू.

आता स्वतः उभे करा म्हटलं की सगळे गप्प. तिथं घरगुती पाण्याचं बिलच येत नाही! इंग्लंडमध्ये येतं, तिथं नाही, आणि ते लावायची हिंमत कोणत्याच पक्षात नाही. मला गरीब माणसावर बोजा टाका असं म्हणायचं नाही, पण त्याचा दुसरा परिणाम पण बघा ना, पाणी-सांडपाणी बघणाऱ्या कंपनीकडे गुंतवायला पैसा नाही, गावोगावी ड्रेनेजची कपॅसिटी संपलेली, म्हणून नवीन घरांना जोडणी मिळत नाही आणि घरंच बांधता येत नाहीत. कंपन्यांवरचा टॅक्स स्वतः ठरवायचा अधिकार त्यांनी मागितला, २०१५ मध्ये लंडननं तसा कायदाही केला, तो आजवर वापरातच आला नाही, कारण टॅक्स कमी केला की तेवढा निधी कापला जाणार होता. म्हणजे मिळालेले पैसे खर्च करायचे अधिकार आहेत, पण पैसे गोळा करताना लोकांचा राग झेलायची वेळ येत नाही. कमी पडलं की लंडनकडे बोट. आणि लंडनला तर तिथल्या मतदाराची भीतीच नाही, कारण सरकार चालवणारे मोठे ब्रिटिश पक्ष तिथं जागा जिंकतच नाहीत. २०२४ च्या जानेवारीत लाखाच्या वर सरकारी कर्मचारी, नर्स, शिक्षक, बस ड्रायव्हर, कडाक्याच्या थंडीत एकाच दिवशी संपावर उतरले, पगारवाढीचे पैसे ब्रिटिश मंत्र्यानं पॅकेजमध्ये दाखवले होते पण स्टॉरमाँट चालू झाल्याशिवाय द्यायला तयार नाही, आणि स्टॉरमाँट बंद. त्या नर्सनी जाब कोणाला विचारायचा होता?

हे सगळं वाचून मी निराश झालो असतो, पण याच प्रदेशात एक काम असं झालंय की त्यातून शिकावं, आणि ते म्हणजे पोलीस. जुन्या पोलीस दलात, रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीत, कॅथलिक फक्त ८ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे अर्ध्या समाजाला ते पोलीस आपले वाटतच नव्हते, आणि त्याच दलाचे तीनशेवर लोक त्या तीस वर्षांत मारले गेले हेही तितकंच खरं. पोलीस दल कसं बदलायचं हे ठरवायला नेमलेल्या क्रिस पॅटन यांच्या आयोगानं १९९९ मध्ये १७५ शिफारशी दिल्या. २००१ मध्ये दलाचं नाव बदललं, चिन्ह बदललं, दहा वर्षं भरती अर्धे कॅथलिक आणि अर्धे बाकीचे अशी केली, आणि कॅथलिकांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत आलं. पण मला भरतीपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की दोन जागा अशा तयार केल्या जिथं पोलिसांना उत्तर द्यावंच लागतं. एक पोलिसिंग बोर्ड, १९ सदस्य, त्यातले १० आमदार सगळ्या पक्षांचे आणि ९ बाहेरचे, त्यांच्यासमोर चीफ कॉन्स्टेबल, म्हणजे पोलिसांचा प्रमुख, येऊन बसतो आणि उघड बैठकीत प्रश्न घेतो. दुसरी जागा पोलीस ओम्बड्समनची, पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनी तपासायची नाही, यांनी तपासायची. पहिल्या ओम्बड्समन नुआला ओ'लोन यांनी ओमा नावाच्या गावातल्या बॉम्बस्फोटाच्या तपासावर, ज्यात २९ माणसं गेली होती, २००१ च्या डिसेंबरमध्ये जो रिपोर्ट दिला त्यात थेट वरच्या नेतृत्वावर बोट ठेवलं होतं. केवढा गदारोळ झाला, पण ऑफिस टिकलं.

मग सगळं छान आहे का? नाही. ८ ऑगस्ट २०२३ ला काय झालं ते वाचून अंगावर काटा येतो. कोणीतरी माहितीच्या अधिकारात साधं विचारलं होतं की कोणत्या हुद्द्यावर किती पोलीस आहेत. उत्तर म्हणून एक्सेलची फाइल पाठवली, ती वेबसाइटवर चढली, आणि त्या फाइलमध्ये एक लपलेली शीट राहून गेली होती. त्या शीटमध्ये सगळ्या दलाची, साडेनऊ हजारांच्या आसपास लोकांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दा, काम कुठं करतात ते. दोन-अडीच तास ती उघडी होती. जिथं पोलीस सकाळी गाडीखाली वाकून बॉम्ब आहे का बघतो, जिथं कित्येक जण शेजाऱ्यालाही आपण पोलीस आहोत हे सांगत नाहीत, तिथं हे झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओमामध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर मुलांच्या फुटबॉल प्रॅक्टिसनंतर गोळ्या झाडल्या होत्या, म्हणजे भीती नुसती मनातली नव्हती. पण पुढं काय झालं बघा. बोर्डानं तातडीची बैठक बोलावली, चीफ कॉन्स्टेबलला सुट्टीवरून परत येऊन उत्तरं द्यावी लागली आणि महिनाभरात त्यांना पद सोडावं लागलं, त्यामागे एक कोर्टाचं प्रकरणही होतं. बाहेरून तपासणी झाली, आणि २०२४ मध्ये माहिती आयुक्तांनी साडेसात लाख पौंड दंड लावला, खाजगी कंपनी असती तर ५६ लाख लावला असता असं सांगून. दंडाचा पैसा पण शेवटी लोकांचाच, आणि तिकडे पॅटन यांनी ७,५०० पोलीस असावेत म्हटलं होतं आणि २०२४ मध्ये दल साडेसहा हजारांच्याही खाली, कारण बजेट नाही. म्हणजे पैशाची बोंब पोलिसांनाही चुकलेली नाही. पण निदान प्रश्न कुठं विचारायचा हे तिथल्या माणसाला माहीत होतं. बॉयलरच्या वेळी ते नव्हतं, आणि माझ्या मते दोन प्रकरणांतला खरा फरक एवढाच. पोलिसांवर कोणाचाच भरवसा नव्हता म्हणून जाब विचारायची यंत्रणा आधी उभी केली, पैशाच्या बाबतीत मात्र लंडन आहेच म्हणून सगळे निर्धास्त राहिले.

आता आपल्याकडे या. विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आपल्या मोठ्यांना तोंडपाठ आहे, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. तोवर नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १९५६ मध्ये ते गेलं. राज्यांची फेररचना ठरवणाऱ्या फाजल अली आयोगानं तर १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली होती. मग घटनेत ३७१ चं दुसरं कलम आलं, राज्यपालांवर खास जबाबदारी टाकणारं, पण त्याखालची वैधानिक विकास मंडळं बनायला १९९४ उजाडलं. मधे १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजला, राज्याचा ३,१८६ कोटींचा, त्यात विदर्भाचा साधारण १,२४६ कोटींचा. मोजमाप झालं, रिपोर्ट आले, पुढं केळकर समितीचाही आला, आणि गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींनी १९८८ मध्ये केलं तेव्हा ३७२ कोटींचा असलेला प्रकल्प १८ हजार कोटींच्या वर गेला. या मधल्या काळात मंत्री विदर्भाचे नव्हते का? होते. मुख्यमंत्रीही झाले. आपली माणसं खुर्चीत असूनही हे झालंय, म्हणून मी म्हणतो की नुसत्या खुर्चीनं भागत नाही.

माझे मामा भंडारा जिल्ह्यात राहतात, त्यांच्या पांदण रस्त्यावरचा छोटा पूल पावसाळ्यात वाहून गेला. त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत अर्जाच्या प्रती आहेत, प्रत्येकीवर आवकचा निळा शिक्का, त्यात पेनानं नंबर टाकलेला, काही शिक्के घडीवर येऊन अर्धे पुसलेत. परवा फोनवर म्हणाले, "बाप्पा, इथला सायेब म्हणते वरून पैसा आला नाही, वरचा म्हणते आमी पाठवला, अन् आमदाराचा माणूस म्हणते ते आमच्या फंडात बसत नाही. मंग मी कोणाले विचारू?" त्यांना स्टॉरमाँट काय माहीत नाही, पण प्रश्न अगदी त्या नर्सचाच आहे.

सुरक्षेचं बोलायचं तर नागपुरात झिरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे, आपण रोज त्याच्या बाजूनं जातो. २३ नोव्हेंबर १९९४, अधिवेशन चालू, गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरी, ११४ जीव गेले आणि त्यात बायका आणि लेकरं जास्त. मागणी घेऊन आलेली माणसं होती ती. चौकशी आयोग बसला, स्मारक झालं, उड्डाणपुलाला नाव दिलं. पण त्या दिवशी बंदोबस्ताचे निर्णय कोणी घेतले आणि मोर्चाला सामोरं कोणी का गेलं नाही, याचं उत्तर लोकांसमोर बसून द्यायला लावणारी जागा तेव्हा नव्हती. अजूनही अधिवेशनात बॅरिकेड दरवर्षी तेवढेच लागतात, मोर्चे अडवायचे पॉइंट ठरतात, निवेदन घ्यायला कोणी ना कोणी येतं, फोटो निघतो.

३७१ च्या त्या कलमात एक ओळ आहे जी फार कमी लोक वाचतात. मंडळाच्या कामकाजाचा रिपोर्ट दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला पाहिजे, असं तिथं लिहिलेलं आहे, थेट घटनेत. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ती परत स्थापन करायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. मधल्या काळात मंडळच नाही तर रिपोर्ट कोणी मांडायचा आणि चर्चा कशावर करायची? आणि जुनं मंडळ होतं तेव्हाही त्याची पॉवर शिफारशीपुरतीच, अधिकाऱ्याला समोर बसवून उघड विचारायची सोय नव्हती.

वेगळा विदर्भ व्हावा की नाही यावर आमच्याच घरात दोन मतं आहेत आणि तो वाद चालू राहू द्या. पण दोन्ही मतांच्या लोकांना आजच मागता येईल अशी एक गोष्ट आहे. मंडळ येईल तेव्हा ते पोलिसिंग बोर्डासारखं बनवा, सगळ्या पक्षांचे आमदार आणि जवळपास तेवढेच बाहेरचे लोक, दर महिन्याला नागपुरात उघड बैठक, अकराही जिल्ह्यांचे अधिकारी आळीपाळीनं समोर, किती निधी मंजूर, किती आला, किती परत गेला आणि कोणाच्या सहीनं गेला हे तिथल्या तिथं विचारायचं आणि बैठक मोबाइलवर लाइव्ह दाखवायची. यासाठी नवीन राज्य लागत नाही. येत्या अधिवेशनात आपल्या आमदाराला भेटायला जाल तेव्हा हे लिहून न्या, आणि त्याच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका.